हातांनीं चालविलेला श्वास

इ. स. १९५२ च्या उन्हाळ्यांत डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयांत, साथ ऐन भरांत असतांना, दिवसाकाठीं पन्नासांपर्यंत रोगी येत. ज्यांचे घशाचे व छातीचे स्नायू लुळे पडत, त्यांची आशा थोडीच. श्वास चालविणारें मोठें यंत्र एकच. छातीवर बसवावयाचीं लहान यंत्रें सहा. पहिल्या तीन आठवड्यांत असे ३१ रोगी आले. त्यांपैकीं २७ दगावले.

मुख्य वैद्य लासेन हे साथीच्या रोगांचे मोठे जाणकार. त्यांचे सहकारी ब्यर्नेबो यांनीं सुचविलें कीं, ब्यर्न इब्सेन यांस बोलवावें. इब्सेन हे भूल देणारे डॉक्टर! शस्त्रक्रियेच्या दालनांतील माणसाचें पोलिओच्या खाटेशीं काय काम? तरी लासेन यांनीं बोलावणें धाडलें. नामांकितानें दुसऱ्या विद्येच्या दारीं जाणें सोपें नसतें.

इब्सेन यांनीं मृतांचीं फुप्फुसें पाहिलीं, कागदपत्रें चाळलीं. रक्तांतील वाढलेल्या क्षाराचा अर्थ इतरांनीं निराळा लावला होता. इब्सेन म्हणाले, हा शरीरांत कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा परिणाम आहे. रोग्यांना श्वासच पुरत नाहीं.

२७ ऑगस्ट रोजीं बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीवर प्रयोग झाला. शल्यवैद्यानें गळ्यास छिद्र पाडून श्वासनलिकेंत नळी बसविली. मुलगी इतकी तडफडूं लागली कीं, हवा आंत जाईना. इब्सेन यांनीं औषध देऊन तिला निजविलें आणि रबरी पिशवी हातानें दाबून तिचा श्वास चालविला. मुलगी वांचली.

पण अशीं मुलें एक का होतीं! पुढें एकाच वेळीं सत्तर रोग्यांचा श्वास हातांनीं चालवावा लागला. सुमारें दीड हजार विद्यार्थी, बहुतेक वैद्यकाचेच, पाळीपाळीनें खाटेशीं बसून रात्रंदिवस पिशवी दाबीत. मधून मुलांना गोष्टी वाचून दाखवीत. परिचारिका नळींतील कफ काढीत, रोग्याची कूस बदलीत. प्रयोगशाळेचे प्रमुख आस्ट्रुप रक्त तपासून किती वायू कोंडला आहे तें कळवीत. पिशवी कमी दाबली कीं अधिक, हें त्यावरून समजे. कधीं कधीं विद्यार्थ्याच्या हातांखालींच मूल जाई, आणि दुसऱ्या पाळीस तो पुन्हा दुसऱ्या खाटेशीं बसे. मृत्यूचें प्रमाण निम्म्याहून खालीं उतरलें.

डिसेंबर १९५३ मध्यें इब्सेन यांनीं त्याच शहराच्या नगररुग्णालयांत अत्यवस्थ रोग्यांसाठीं स्वतंत्र कक्ष उघडला. आज ज्यास अतिदक्षता विभाग म्हणतात, त्याचा आरंभ बहुधा तेथेंच मानला जातो.