हार्ड डिस्क खराब होतेय हे कसं ओळखायचं? डेटा वाचवायचा तर हे करा

दूध संकलन केंद्रात कुणाचं किती लिटर, फॅट किती, पशुखाद्याची कपात किती, उचल किती, सगळा हिशोब आता कॉम्प्युटरमध्ये असतो. दहा दिवसांचं बिल निघायच्या आदल्या रात्री तो कॉम्प्युटर चालूच झाला नाही तर? शेतकऱ्याकडच्या पावत्या कधी भिजलेल्या, कधी हरवलेल्या. मग सचिव आणि उत्पादक यांच्यात वाद ठरलेला. कॉम्प्युटर नवा घेता येतो, हिशोब विकत मिळत नाही. सेवा केंद्र, फोटो स्टुडिओ, खताचं दुकान यांचंही तसंच आहे.

हार्ड डिस्क म्हणजे काय?

सगळी माहिती साठवणारी ही धातूची डबी. आत गुळगुळीत चकत्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे मारतात. त्यावरून माहिती वाचणारं हेड चकतीला न टेकता, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावरून फिरतं. चालू असताना धक्का बसला तर हेड चकतीला घासतं, ओरखडा पडतो आणि तिथली माहिती जाते. शिवाय फिरणारी वस्तू आहे, म्हणजे मोटारीसारखी झिजणारच.

नव्या कॉम्प्युटरमध्ये एसएसडी असते. तिच्यात फिरणारं काही नाही, वेगही जास्त. पण ती जाताना आवाज करत नाही, बऱ्याचदा अचानकच बंद पडते.

धोक्याच्या खुणा

- डबीतून टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येणं. ही सगळ्यात वाईट खूण.
- साधी फाईल उघडायलाही मिनिटं लागणं, कॉम्प्युटर सारखा हँग होणं.
- कालपर्यंत उघडणारी फाईल आज न उघडणं, फोल्डर गायब होणं, नावं विचित्र दिसणं.
- चालू करताना दरवेळी डिस्कची तपासणी सुरू होणं, निळी स्क्रीन येणं किंवा डिस्क सापडत नाही असा मेसेज येणं.
- एसएसडी असेल तर फाईल उघडते, पण नवीन काही सेव्ह होत नाही.

कॉम्प्युटर हळू चालतो म्हणजे डिस्कच गेली असं नाही. व्हायरस असेल, रॅम कमी असेल. खात्री करायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे डिस्क खराब. हार्ड डिस्कच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ या ओळी बघा. तिथला आकडा शून्याच्या पुढे जाऊन वाढत असेल तर डिस्क बदलायच्या तयारीला लागा. मात्र निळा रंग आहे म्हणून निर्धास्त राहू नका. चांगली दिसणारी डिस्कही एकाएकी जाते.

खूण दिसली तर

पहिलं काम कॉपी, दुरुस्ती नंतर. सगळ्यात गरजेच्या फाईल आधी दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राईव्हवर घ्या. त्याआधी फॉरमॅट, डीफ्रॅग किंवा डिस्क रिपेअर करू नका. कमजोर डिस्कवर त्याचा ताण येतो आणि राहिलेलंही जातं.

टकटक आवाज येत असेल तर लगेच बंद करा. चालू-बंद करून बघत बसू नका. डबी उघडू नका, कारण धुळीचा एक कणही आत गेला तर चकती खराब होते. फ्रीजमध्ये ठेवायचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका. डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळा धूळमुक्त खोलीत हे काम करतात. खर्च मोठा असतो आणि डेटा मिळेलच अशी हमी नसते. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा नाही.

काळजी काय घ्यायची?

- आपल्याकडं लाईटीचा भरवसा नाही, त्यामुळं यूपीएस आणि अर्थिंग हवंच. लाईट गेली की यूपीएसवर काम रेटू नका, रीतसर शटडाऊन करा.
- सीपीयू जमिनीवर, भुशाच्या किंवा पिठाच्या धुळीत ठेवू नका. हवा जायची जाळी मोकळी ठेवा.
- चालू असताना सीपीयू किंवा बाहेरची हार्ड डिस्क हलवू नका.
- डिस्क चार-पाच वर्षं जुनी झाली की ती बंद पडायची वाट न बघता बदला.

खरा उपाय बॅकअप

नियम सोपा आहे: ३ प्रती, २ वेगळ्या साधनांवर, १ दुसऱ्या जागी. संध्याकाळचं संकलन संपलं की त्या दिवसाचा बॅकअप पेनड्राईव्हवर घ्या. आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती दुसऱ्या घरी ठेवा. कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवली तर वीज पडली किंवा व्हायरस आला की दोन्ही एकदमच जातात. गुगल ड्राईव्हवर १५ जीबी जागा फुकट मिळते, हिशोबाच्या फाईलला ती पुरते. खातं संस्थेच्या नावानं काढा आणि पासवर्ड दोघांकडं असू द्या.

आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखाच. तुमच्या केंद्राचा शेवटचा बॅकअप कधी घेतला, हे उद्या सकाळी दूध घालायला जाल तेव्हा जरूर विचारा. हिशोब तुमच्याच दुधाचा आहे.