पाठदुखी व्हाया वर्सोवा

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी बुटाची लेस बांधायला वाकलो आणि तिथेच अडकलो. अक्षरशः! कमरेतून निघालेली कळ थेट पोटरीपर्यंत. वय वर्षं अठ्ठावीस, आणि आईच्या खांद्याला धरून पलंग गाठायची वेळ. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "पडून राहू नकोस, जमेल तेवढं चाल." आई हादरलीच. तिच्या हिशेबाने कंबर धरली की पंधरा दिवस फळीवर उताणं पडायचं. बाबांना लग्नानंतर तसंच झोपवलं होतं म्हणे.

आता दोघांपैकी खरं कोण? डोक्यात किडा वळवळला, आणि पडल्या पडल्या (सॉरी डॉक्टर) वाचायला घेतलं.

बैठ्या कामाची तक्रार आपल्या आयटीवाल्यांची खासियत नाही, हे आधी कळलं. रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला १७०० साली. १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांवर प्रकरण घातलं: सतत बसणं, हाताची एकच एक हालचाल आणि डोक्याला ताण. स्टँडअप मीटिंग सोडली तर माझं जॉब डिस्क्रिप्शनच! पुढे १९३४ मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवलं की मणक्यांमधली चकती सरकून नस दाबू शकते. शोध मोठा, पण त्यानंतर दुखणाऱ्या प्रत्येक पाठीत लोकांना चकतीच दिसायला लागली. झोपून राहण्याचा सल्ला तर जुनाच. तो कोणी नीट तपासला? १९८६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेयो यांनी काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस विश्रांती सांगितली. बरं होण्यात फरक नाही, उलट दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे कमी. म्हणजे बाबांना पंधरा दिवस झोपवायची गरज बहुधा नव्हतीच. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "पण बरे झाले ना?" असो.

मग फिजिओथेरपी सुरू झाली. तिथल्या बाईंनी पालथं झोपून छाती उचलायला लावली. म्हटलं, हे तर भुजंगासन! आणि इथे गाडी माझ्या रोजच्या रस्त्यावर आली. बोरिवलीहून अंधेरी, तिथून ऑफिस. त्याच अंधेरीच्या पश्चिमेला वर्सोवा. २५ डिसेंबर १९१८ रोजी तिथल्या 'द सँड्स' नावाच्या बंगल्यात योगेंद्रांनी 'द योगा इन्स्टिट्यूट' सुरू केली. बंगला दादाभाई नौरोजींचा. दादाभाई आदल्याच वर्षी वारले होते. तेव्हा वर्सोवा मुंबईत नव्हतंच, ठाणे जिल्ह्यात होतं. उपनगर जिल्हा झाला १९२० साली, आणि आमचं बोरिवली महापालिकेत यायला १९५७ उजाडलं. १९१८ च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर इन्फ्लुएन्झाने मुंबईत हाहाकार माजवला होता. त्याच वर्षाच्या शेवटी समुद्रकाठी एकवीस वर्षांचा पोरगा लोकांना योग शिकवायला बसतो!

हे योगेंद्र म्हणजे मणिभाई देसाई, मूळचे सुरतकडचे, शिकायला मुंबईत, कुस्ती आणि व्यायामाचा शौक. गुरू परमहंस माधवदासजी, आश्रम गुजरातेत मालसरला. अशा पोराने संन्यास घ्यायचा, हीच तेव्हाची रीत. याने उलट केलं. योग आश्रमातून काढून नोकरदार, संसारी माणसाच्या हाती दिला, आणि पुढे स्वतः लग्नही केलं. पत्नी सीतादेवींनी १९३४ मध्ये स्त्रियांच्या योग-व्यायामावर पुस्तक लिहिलं. मधल्या काळात अमेरिकेत न्यूयॉर्कजवळही केंद्र काढून झालं. पुढे संस्था सांताक्रूझला गेली, आजही तिथेच आहे. माधवदासजींचेच दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढून योगक्रियांचे चक्क एक्स-रे काढले. मला हे दोघे एकदम आपल्या लाइनीतले वाटतात: एक युजरपर्यंत पोचवणारा, दुसरा टेस्टिंगवाला :)

'पाच हजार वर्षांची परंपरा' म्हणणारे इथे चिडतील. पण हठप्रदीपिकेत आसनं मोजून पंधरा, त्यातली बरीचशी बैठकीची, आणि सूर्यनमस्काराचं नावही नाही. सूर्यनमस्कार हा शाळाशाळांतला व्यायाम झाला तो औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींच्या ध्यासामुळे, विसाव्या शतकात. रोज पाठीसाठी अर्धा तास देणारा गृहस्थ हा प्रकारच मुळात शंभरेक वर्षांचा. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट ज्याने कोणी हे संन्याशांकडून सोडवून आणलं, त्याचे आपण लागतो.

पुण्यात अय्यंगारांनी तर दोर, पाट, ठोकळे आणि खुर्चीसुद्धा कामाला लावली. जिने माझी वाट लावली तीच खुर्ची!

उपयोग होतो का? २०१७ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांत जुनाट कंबरदुखीवर गोळ्यांआधी व्यायाम, योग वगैरे करून पाहा, असं आहे. त्याच वर्षीच्या कॉक्रेन आढाव्यात योगाचा फायदा आहे, पण माफक. चमत्कार नाही. आणि पाय लुळा पडत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, तर आसनं बिसनं बाजूला ठेवून आधी हॉस्पिटल गाठा.

माझं म्हणाल तर सकाळी वीस मिनिटं, ऑफिसात दर चाळीस मिनिटांनी उठून पाण्याच्या कूलरपर्यंत चक्कर, आणि बॅगेतून जुना लॅपटॉप चार्जर हद्दपार. लोकलमध्ये सीट मिळाली तरी बोरिवली ते अंधेरी उभाच राहतो. परवा शेजारचे काका म्हणाले, "अरे बस की, तुला काय वेड लागलंय?" बसलो असतो, पण मालाडला त्यांच्या मांडीवर कोणीतरी दप्तर ठेवलं आणि विषय तिथेच राहिला.