पार्लचा मोती

केपटाऊन शहरापासून सुमारें पस्तीस मैलांवर पार्ल नांवाचें एक गांव आहे. गांवाच्या मागें ग्रॅनाइट दगडाचे प्रचंड गोल खडक आहेत. पाऊस पडून वर ऊन आलें कीं ते मोत्यासारखे चमकतात, म्हणून डच वसाहतवाल्यांनीं त्या जागेस हें नांव दिलें. पार्ल म्हणजे मोती. गांवाच्या मधून बर्ग नदी वाहते. नदीच्या पश्चिमेस द्राक्षांचे मळे, जुनीं पांढरीं घरें आणि गोऱ्यांची वस्ती. पूर्वेस 'कलर्ड' म्हणून कायद्यानें नोंदलेल्या मिश्रवंशीय लोकांची वस्ती. हे लोक म्हणजे मूळच्या खोईखोई जमाती, युरोपांतून आलेले वसाहतवाले आणि डच कंपनीनें पूर्वेकडून नेलेले गुलाम यांची संतति. त्या गुलामांत बंगाल, मलबार आणि कारोमांडल किनाऱ्यावरून नेलेलीं माणसेंहि होतीं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते.

१९५० सालीं दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनें दोन कायदे केले. एकानें प्रत्येक माणसाचा वंश सरकारी दप्तरांत नोंदला गेला. दुसऱ्यानें कोणत्या वंशानें कोठें राहावें हें ठरलें. पार्लची नदी तेव्हांपासून नुसती नदी राहिली नाहीं. ती सरहद्द झाली. याच नदीच्या पूर्वेकडील लोकांत चेस्टर विल्यम्स हा ८ ऑगस्ट १९७० रोजीं जन्मला.

त्याच दिवशीं केपटाऊनच्या न्यूलँड्स मैदानावर दक्षिण आफ्रिका आणि न्यूझीलंड यांच्यामध्यें रग्बीचा दुसरा कसोटी सामना चालला होता. न्यूझीलंडनें तो ९-८ असा जिंकला. परंतु सामन्याच्या निकालापेक्षां त्या दौऱ्याची दुसरीच एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. तोंपर्यंत न्यूझीलंडनें दक्षिण आफ्रिकेंत संघ पाठवावयाचा तर त्यांत माओरी खेळाडू असूं नयेत, अशी रीत होती. १९७० सालीं प्रथमच त्यांना येऊं दिलें, पण कोणत्या नात्यानें? तर 'मानाचे गोरे' म्हणून! पाहुण्या संघांत ब्रायन विल्यम्स नांवाचा सामोअन वंशाचा एक तरुण बगलेवर खेळत होता, आणि त्याचा खेळ पाहून गोरे प्रेक्षकहि हरखून गेले. परक्या देशाचा सांवळा विल्यम्स न्यूलँड्सवर खेळूं शकत होता. पार्लमध्यें जन्मलेल्या विल्यम्सला मात्र आपल्याच देशाच्या संघाची दारें बंद होतीं. इतिहास कधीं कधीं असे योग जुळवून आणतो कीं कादंबरीकारानें ते लिहिले असते तर कोणी विश्वास ठेवला नसता.

मुंबईच्या जिमखान्यावर रग्बीचा खेळ पुष्कळ वर्षें चालत आला आहे. तथापि बहुतेक श्रोत्यांस तो अपरिचित असावा, म्हणून दोन शब्द सांगणें अवश्य आहे. या खेळांत प्रत्येक बाजूस पंधरा गडी असतात. लांबट गोल चेंडू हातांत घेऊन धांवावयाचें. सोबत्याकडे फेंकावयाचा तर तो हातानें पुढें फेंकतां येत नाहीं, मागेंच किंवा बाजूसच फेंकावा लागतो. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीवर टेकविला म्हणजे 'ट्राय' होतो आणि हल्लींच्या नियमांप्रमाणें त्याचे पांच गुण मिळतात. मैदानाच्या दोन्ही कडांना जे दोघे उभे असतात ते विंगर, म्हणजे बगलेवरचे गडी. डाव्या बगलेवरच्याच्या पाठीवर ११ हा आंकडा असतो, उजव्या बगलेवरच्याच्या पाठीवर १४. मधल्या गर्दीत आठ दांडगे गडी एकमेकांशीं झुंजत असतात, आणि विंगर रेषेजवळ एकटा उभा राहून चेंडूची वाट पाहत असतो. चेंडू अनेक हातांतून फिरत फिरत त्याच्याकडे येतो. आंतल्या सोबत्यांनीं दिलाच नाहीं तर जगांतला वेगवान विंगरहि निरुपयोगी.

दक्षिण आफ्रिकेंत रग्बी हा गोऱ्यांचा, विशेषतः आफ्रिकानर लोकांचा, जणूं कुळाचार होता. देशाच्या संघास 'स्प्रिंगबॉक' हें हरणाचें नांव आहे. परंतु केप प्रांतांतील मिश्रवंशीय लोक हा खेळ एकोणिसाव्या शतकापासून खेळत आले होते. त्यांचे स्वतःचे क्लब होते, स्वतःच्या संघटना होत्या आणि स्वतःच्या चुरशी होत्या. शासनाच्या वंशभेदाच्या धोरणानें त्यांच्यापुढें एक पेंच टाकला. गोऱ्यांच्या संघटनेशीं हातमिळवणी करावी तर आपले लोक फितूर म्हणतात. न करावी तर देशातर्फें खेळण्याची आशा सोडावी लागते. निर्वंशभेदी संघटनेचें म्हणणें असें कीं, ज्या समाजांत कांहींच सुरळीत नाहीं त्यांत खेळ सुरळीत कसा असेल? १९८१ मध्यें एरल टोबायस हा पहिला कृष्णवर्णी स्प्रिंगबॉक झाला, आणि १९८४ मध्यें दुसरा झाला एव्हरिल विल्यम्स. हा चेस्टरचा चुलता. त्या दोघांनाहि गोऱ्यांकडून संशय आणि आपल्या लोकांकडून दूषण असा दोन्हीकडचा प्रसाद मिळाला. म्हणजे हा पेंच चेस्टरला वर्तमानपत्रांतून कळला नाहीं. तो घरांतच होता.

जगानें दक्षिण आफ्रिकेशीं खेळणें हळूहळू बंद केलें. मग काळ पालटला. ११ फेब्रुवारी १९९० रोजीं नेल्सन मंडेला तुरुंगांतून बाहेर आले, तो तुरुंग पार्लजवळचाच. चेस्टर त्या वेळीं एकोणीस वर्षांचा होता. १९९२ मध्यें गोऱ्यांची आणि निर्वंशभेदी अशा दोन्ही रग्बी संघटना एक झाल्या आणि त्याच वर्षीं देशाचा संघ पुन्हां कसोटी सामने खेळूं लागला. वेस्टर्न प्रॉव्हिन्सतर्फें खेळणारा हा शांत, चपळ तरुण निवडसमितीच्या डोळ्यांत भरला, आणि १३ नोव्हेंबर १९९३ रोजीं ब्यूनोस आयर्स येथें अर्जेंटिनाविरुद्ध तो आपला पहिला कसोटी सामना खेळला. त्यांत त्यानें ट्रायहि केला.

पुढें आलें वर्ष १९९५. जागतिक रग्बी स्पर्धा दक्षिण आफ्रिकेंत भरावयाची होती. 'एक संघ, एक देश' ही घोषणा ठरली; आणि त्या घोषणेस चेहरा कोणाचा द्यावा? संघांत गोरा नसलेला एकच होता. रस्तोरस्तीं चेस्टर विल्यम्सचीं मोठालीं चित्रें लागलीं. वृत्तपत्रांनीं त्यास 'काळा मोती' हें नांव दिलें. त्यांत गांवाच्या नांवावर श्लेष होता आणि कौतुकहि होतें, पण त्याच्या गोऱ्या सोबत्यांची ओळख कोणी त्यांच्या रंगावरून करून दिली नव्हती, हेंहि खरें.

आणि स्पर्धा तोंडावर आली असतां मांडीच्या मागच्या स्नायूस दुखापत होऊन चेस्टर संघाबाहेर पडला! भिंतीवरचा चेस्टर हंसत राहिला. खरा चेस्टर घरीं बसला. २५ मे रोजीं ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिला सामना झाला तेव्हां त्याच्या जागीं पीटर हेंड्रिक्स खेळला आणि त्यानें सुरेख ट्राय केला. देशानें तो सामना जिंकला. चेस्टरचें दैव फिरलें असेंच त्या दिवशीं वाटलें असेल.

परंतु ३ जून रोजीं पोर्ट एलिझाबेथ येथें कॅनडाविरुद्धच्या सामन्यांत मारामारी जुंपली. तीन गड्यांना पंचांनीं जागच्या जागीं मैदानाबाहेर घालविलें, आणि चौकशीअंतीं हेंड्रिक्सवरहि बंदी आली. नियमाप्रमाणें दुखापतीनें गेलेल्या गड्याच्या जागीं नवा गडी घेतां येत असे. शिक्षा झालेल्याच्या जागीं मात्र घ्यावा कीं नाहीं याची चर्चा झाली. शेवटीं मांडी बरी झालेल्या चेस्टरला बोलावणें आलें.

१० जून १९९५. जोहान्सबर्गचें एलिस पार्क मैदान, उपान्त्यपूर्व फेरी, प्रतिपक्ष पश्चिम सामोआ. सामोआचे गडी अंगानें दांडगे आणि धरपकडींत निर्दय म्हणून प्रसिद्ध होते. चेस्टरनें त्या दिवशीं एक नव्हे, दोन नव्हे, चार ट्राय केले. तोंवर कोणाहि स्प्रिंगबॉकनें एका कसोटींत चार ट्राय केले नव्हते. दक्षिण आफ्रिका ४२-१४ अशी विजयी झाली. ज्यांना तो केवळ शोभेसाठीं संघांत ठेवलेला वाटत होता, त्यांना त्यानें तोंडानें कांहींच उत्तर दिलें नाहीं. या माणसाचा तो स्वभावच नव्हता.

पुढचा सामना दरबानला फ्रान्सविरुद्ध झाला. मुसळधार पावसानें मैदानाचें तळें झालें होतें. तें पाणी हटविण्यास कृष्णवर्णी सफाई-कामगार बायकांची रांग खराटे घेऊन उतरली. सामना झालाच नसता तर नियमानुसार फ्रान्स अंतिम फेरींत गेला असता. त्या बायकांचा उल्लेख स्पर्धेच्या बखरींत एका वाक्याचा असतो, पण त्यांच्या खराट्यांवांचून पुढचें कांहींच झालें नसतें. दक्षिण आफ्रिका १९-१५ अशी जिंकली.

२४ जूनचा अंतिम सामना सर्वश्रुत आहे. अध्यक्ष मंडेला हे कर्णधार पीनार याची ६ आंकड्याची हिरवी जर्सी अंगांत घालून मैदानावर आले. ज्या हिरव्या जर्सीचा काळ्या लोकांना तिटकारा होता, ज्या संघाचा पराभव व्हावा म्हणून ते मैदानाच्या राखीव कोपऱ्यांत बसून परक्यांचा जयघोष करीत, तीच ही जर्सी. हरणाचें चिन्ह काढून टाकावें असें म्हणणाऱ्या स्वकीयांस मंडेलांनींच थांबविलें होतें. प्रतिपक्षांत जोना लोमू हा राक्षसी ताकदीचा विंगर होता; आधींच्या सामन्यांत त्यानें इंग्लंडवर चार ट्राय केले होते. त्या दिवशीं त्याला एकहि करूं दिला नाहीं. ट्राय कोणासच झाला नाहीं. जादा वेळांत स्ट्रान्स्कीनें उसळत्या चेंडूस लाथ हाणून तीन गुण मिळविले आणि १५-१२ असा निकाल लागला.

सामान्यतः ही कथा येथें संपविली जाते. २००९ मध्यें निघालेला प्रसिद्ध चित्रपटहि येथेंच संपतो. त्यांतील नटांना रग्बी शिकविण्याच्या कामीं स्वतः चेस्टरच होता. पण मनुष्याचें आयुष्य पडदा पडल्यावरहि चालूच असतें.

त्याच १९९५ च्या ऑगस्टांत पॅरिस येथें जागतिक संघटनेनें रग्बी धंदेवाईक करण्यास संमति दिली. शंभर वर्षें हौशी म्हणविणारा खेळ पोटाचा उद्योग झाला. हा बदल चेस्टरला अगदीं भर उमेदींत लाभावयाचा, पण नेमका त्याच सुमारास त्याचा गुडघा गेला. १९९६ आणि १९९७ हीं वर्षें बहुतेक उपचारांत गेलीं. पुढें तो जोहान्सबर्गकडच्या संघांत खेळला, देशातर्फेंहि परतला. २००० सालीं त्याचा शेवटचा कसोटी सामना झाला. एकूण २७ कसोट्या, १४ ट्राय. गुडघे धड असते तर हा आंकडा केवढा झाला असता हा हिशेब करण्यांत अर्थ नाहीं, तरी करावासा वाटतो.

२००२ मध्यें त्याचें चरित्र प्रसिद्ध झालें आणि देशांत खळबळ उडाली. आपल्या संघांतील सोबत्याकडून आपल्या वर्णावरून शिव्या ऐकाव्या लागल्या, आपण त्या संघांत खऱ्या अर्थानें मिसळलों नव्हतों, असें त्यानें त्यांत सांगितलें होतें. कोणीं तें नाकारलें. कोणीं म्हटलें, हें तेव्हांच कां नाहीं बोललास? हा प्रश्न वरवर रास्त दिसतो. परंतु ज्याच्या चेहऱ्यावर राष्ट्राच्या ऐक्याची जाहिरात चिकटविलेली असते त्यानें ऐन उत्सवांत तोंड उघडलें असतें, तर काय झालें असतें? उत्सव मोडल्याचा दोष त्याच्याच माथीं आला असता. गप्प बसणें हें त्या जागेचें भाडें होतें आणि तें त्यानें सात वर्षें भरलें.

त्याची दुसरी तक्रार याहून सूक्ष्म आहे आणि इतिहासाच्या दृष्टीनें अधिक मोलाची. गोऱ्यांच्या संघटनेनें मागासलेल्या वस्त्यांत खेळ नेला, तेथून हें रत्न सांपडलें, अशी त्याची जाहिरात केली जाई. त्याला ती अजिबात मान्य नव्हती. तो म्हणे, हें साफ खोटें आहे. ज्याचा चुलता स्प्रिंगबॉक होता, ज्याच्या लोकांत शंभर वर्षें रग्बी चालली होती, त्याला रग्बी कोणीं दिली असें सांगणें म्हणजे त्या शंभर वर्षांवर बोळा फिरविणेंच होय. जो समाज दाराबाहेर ठेवला, त्याला दार उघडल्यावर 'तुला आम्हीं घडविलें' म्हणावयाचें, हा प्रकार कांहीं एकट्या दक्षिण आफ्रिकेचा नाहीं.

नंतर तो शिक्षक झाला. सात गड्यांच्या राष्ट्रीय रग्बी संघास त्यानें २००२ च्या मँचेस्टर येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत कांस्यपदक मिळवून दिलें. युगांडा, ट्युनिशिया येथील राष्ट्रीय संघांना त्यानें शिकविलें. आपल्या देशाच्या मुख्य संघाचें शिक्षकपद मात्र त्याच्या वांट्यास आलें नाहीं. शेवटीं तो केपच्या वेस्टर्न केप विद्यापीठांतील मुलांना शिकवीत होता. १९५९ च्या कायद्यानें हें विद्यापीठ मिश्रवंशीयांना गोऱ्यांपासून वेगळें ठेवण्यासाठीं काढलें, आणि पुढें तेंच त्या कायद्याच्या विरोधाचें ठाणें झालें.

६ सप्टेंबर २०१९ रोजीं केपटाऊन येथें हृदयविकाराच्या झटक्यानें त्याचा अंत झाला. वय अवघें एकोणपन्नास.

दोन आठवड्यांनीं जपानांत जागतिक स्पर्धा सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार या वेळीं सिया कोलिसी, त्या पदावर आलेला पहिला कृष्णवर्णी आफ्रिकन. २ नोव्हेंबर रोजीं योकोहामा येथें त्यांनीं इंग्लंडचा ३२-१२ असा पराभव केला. १९९५ आणि २००७ या दोन्ही अंतिम सामन्यांत दक्षिण आफ्रिकेला एकहि ट्राय करतां आला नव्हता. या वेळीं दोन झाले, आणि दोन्ही बगलेवरच्या गड्यांनीं केले. उजवीकडचा चेस्लिन कोल्बी हा केपच्याच मिश्रवंशीय समाजांतला. त्याच्या आधीं पहिला ट्राय करणारा माकाझोले मापिम्पी डाव्या बगलेवर होता, आणि त्याच्या पाठीवरचा आंकडा होता ११.