गावात अंगणवाडी आहे, तरी आईला कामावर का जाता येत नाही?

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढे अंगणवाडी गावोगावी पोहोचली. पण कामावर जाणाऱ्या आईला तिचा आधार तुटपुंजाच आहे. अंगणवाडीची आखणी मुलाच्या पोषणासाठी झाली, आईच्या कामाच्या वेळेसाठी नाही.

तीन ते सहा वर्षांची मुलं तिथे काही तास बसतात, जेवतात आणि घरी येतात. त्याहून लहान मुलांना घरपोच आहार मिळतो. म्हणजे पाकीट घरी येतं, बाळाला सांभाळायला कुणी येत नाही. शेतमजुरीला किंवा धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाईची खरी अडचण याच वयाची असते. मग आजी बघते, नाहीतर मोठी बहीण शाळा बुडवते.

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केलं. पण बहुसंख्य कष्टकरी बायका अशा ठिकाणी कामाला नसतातच.

सरकारने पाळणाघर दिलं की आया कामाला लागतात का? कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने १९९७ पासून दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर द्यायला सुरुवात केली, तिथे आयांचा रोजगार ठळकपणे वाढला. नॉर्वेत १९७५ च्या कायद्यानंतर बालवाड्या वाढल्या, पण आयांच्या रोजगारात फारसा फरक पडला नाही. बऱ्याच जणींनी आधी नातेवाइकांकडे किंवा खासगीत ठेवलेलं मूल फक्त बालवाडीत हलवलं.

म्हणूनच ‘आमच्याकडे आजीच सांभाळते’ असं पालक सांगतात, तेव्हा ती आवड की नाइलाज, हे दुसरा पर्याय हाताशी आल्याशिवाय कळत नाही. दर्जाची शंकाही नखरा नव्हे. क्वेबेकमधल्याच अभ्यासात मुलांमध्ये आक्रमकपणा आणि अस्वस्थता वाढल्याचं दिसलं होतं.

भारतात २०२२ पासून मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ योजना आहे. अंगणवाडीलाच सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर जोडायचं, ही त्यातली सर्वात कामाची कल्पना. त्यासाठी वेगळी सेविका आणि मदतनीस नेमायची तरतूद आहे. ती कागदावर राहिली, तर मानधनावर राबणाऱ्या आणि आधीच सर्वेक्षणं, नोंदी यांत बुडालेल्या अंगणवाडी सेविकेच्याच मांडीवर ही बाळंही येतील.