गुदाशयाचा पुनरुद्भवी कर्करोग : वर्धा जिल्ह्यातील शुश्रूषा व रुग्णांची जीवनगुणवत्ता

मोठ्या आतड्याच्या अखेरच्या भागास गुदाशय म्हणतात. तेथील अर्बुद शस्त्रक्रियेने काढल्यानंतर श्रोणीत (कटीच्या हाडांनी वेढलेल्या पोकळीत) ते पुन्हा उद्भवल्यास त्यास स्थानिक पुनरुद्भव अशी संज्ञा आहे. बहुतेक पुनरुद्भव पहिल्या दोन-तीन वर्षांत आढळतात. त्रिकास्थीजवळील तंत्रिका ग्रासल्या गेल्याने कंबर व पाय यांत सतत वेदना, शौचाची वारंवार पण निष्फळ भावना, दुर्गंधी स्राव व क्वचित मूत्राशयाशी जोडलेले नालव्रण ही त्याची लक्षणे होत. रुग्णास बसणे असह्य होते. ग्रामीण भागात याचा अर्थ पंगतीतील जेवण, निंदण आणि कापसाची वेचणी हे सारेच सुटते.

ब्रिटिश शल्यविशारद विल्यम अर्नेस्ट माइल्स यांनी केवळ गुदमार्गाने केलेल्या ५७ शस्त्रक्रियांपैकी ५४ रुग्णांत पुनरुद्भव पाहिला व १९०८ मध्ये उदर आणि गुदमार्ग अशा दोन्ही बाजूंनी करावयाची शस्त्रक्रिया मांडली. तिने आयुष्य वाढले. परंतु रुग्णाच्या पोटावर कायमचे कृत्रिम गुदद्वार आले. १९८२ मध्ये रिचर्ड जे. हील्ड व सहकाऱ्यांनी गुदाशयाभोवतीचे मेदयुक्त ऊतक आवरणासह अखंड काढण्याच्या पद्धतीचे महत्त्व दाखविले. ही पद्धत रूढ झाल्यावर व शस्त्रक्रियेपूर्वी प्रारणचिकित्सा दिली जाऊ लागल्यावर स्थानिक पुनरुद्भवाचे प्रमाण पुष्कळ घटले.

महाराष्ट्रात कर्करोगावरील विशेष उपचारांची सोय मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाच्या रूपाने १९४१ मध्ये झाली. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय सुशीला नायर यांच्या पुढाकाराने उभे राहिले व १९६९ मध्ये त्याच्या जोडीला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. परिसरातील गावकऱ्यांनी ज्वारीच्या रूपात वर्गणी द्यावी व रुग्णालयात उपचार घ्यावेत, ही तेथील योजना विशेष उल्लेखनीय आहे. दुसरे मोठे वैद्यकीय केंद्र सावंगी (मेघे) येथे आहे. जिल्ह्याची लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सेवाग्राम येथे होते. भारतात आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी आहे. मात्र रक्तस्राव मूळव्याधीचा समजून अंगावर काढल्याने निदानास विलंब होतो आणि उशिरा हाती आलेल्या रोगात पुनरुद्भवाची भीती अधिक असते.

दुर्गंधी जखमांच्या शुश्रूषेची परंपरा या जिल्ह्यात जुनी आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूर येथे कुष्ठसेवेस प्रारंभ केला. कुष्ठपीडित परचुरे शास्त्री यांची सेवा गांधीजींनी सेवाग्राम आश्रमात स्वहस्ते केली. रोग बरा होण्याची खात्री नसतानाही रुग्णास दूर न लोटण्याचा हा पाठ पुढील काळातील कर्करोग-शुश्रूषेलाही लागू पडतो.

रोग्याची अवस्था अंकांत मोजण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले. युरोपीय कर्करोग संशोधन संघटनेची ३० प्रश्नांची प्रश्नावली १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. बृहदांत्र व गुदाशय यांच्या रोग्यांसाठी २९ प्रश्नांची जोड-प्रश्नावली नंतर आली. पोटावरील पिशवीचा संकोच, मूत्रविसर्जन, लैंगिक जीवन यांविषयी तीत विचारणा होते. पिशवी धुण्यास पाणी किती अंतरावरून आणावे लागते, हा प्रश्न तीत नाही; उन्हाळ्यातील विदर्भात तो गौण मानता येणार नाही. पिशवीचा खर्च न परवडणारे काही रुग्ण कापडाच्या घड्या बांधतात. त्यामुळे कातडी सोलवटते व रुग्ण माणसांत मिसळणे टाळतो.

पुनरुद्भवी अर्बुद सर्व बाजूंनी निरोगी कडा राखून काढता आले, तरच पुनर्शस्त्रक्रियेने दीर्घ जीवनाची आशा असते. तीत कधी मूत्राशय व त्रिकास्थीचा भागही काढावा लागतो आणि जखम भरण्यास महिने लागतात. हे शक्य नसल्यास प्रारणचिकित्सा, रासायनी चिकित्सा व वेदनाशमन यांवर भर देतात. विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनार येथे अन्न व औषध वर्ज्य करून देह ठेवला. उपचार नाकारण्याच्या या निर्णयाचा जिल्ह्यात आदराने उल्लेख होतो. परंतु तो निर्णय स्वेच्छेचा होता, औषधाअभावी सोसाव्या लागणाऱ्या वेदनेशी त्याची तुलना अप्रस्तुत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये वेदनाशमनाच्या पायऱ्या प्रसिद्ध केल्या व तीव्र वेदनेसाठी मॉर्फीनची शिफारस केली. भारतात मात्र १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे परवान्यांची गुंतागुंत वाढून रुग्णालयांनाही मॉर्फीन मिळेनासे झाले. अफू पिकविणाऱ्या देशात कर्करोग्यांना अफूचे औषध दुर्मीळ व्हावे, ही विसंगती २०१४ च्या दुरुस्तीने कायद्यापुरती दूर झाली; तथापि प्रशिक्षित डॉक्टर आणि साठा ठेवणारी केंद्रे मोठ्या गावांतच एकवटलेली असल्याने आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातील रुग्णाच्या घरच्यांना गोळ्यांसाठी अजूनही वर्धा वा नागपूर गाठावे लागते. शस्त्रक्रिया, प्रारण व रासायनी चिकित्सा यांचा खर्च २०१२ मध्ये सुरू झालेल्या व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणाऱ्या शासकीय योजनेतून भागतो. पिशव्या, प्रवास व घरच्या माणसाची बुडालेली मजुरी यांचा भार बहुतांशी कुटुंबावरच पडतो.