वादासह शिकवावी अशी कादंबरी

मार्क ट्वेन यांची ‘हकलबेरी फिन’ ही कादंबरी १८८५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी कॉन्कर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ती असभ्य ठरवून बाहेर काढली. पुढे लायनेल ट्रिलिंग (१९४८) व टी. एस. एलियट (१९५०) यांनी तिची थोरवी गायिली. १९५३ मध्ये लिओ मार्क्स यांनी दोघांनाही आव्हान दिले : गुलाम जिमच्या मुक्तीचा शेवटी पोरखेळ झाला आहे, हा त्यांचा आक्षेप. कृष्णवर्णीयांना हिणवणाऱ्या त्यातील शब्दावरूनही वाद पेटला.

१९९५ मध्ये जेराल्ड ग्राफ व जेम्स फेलन यांनी कादंबरी आणि हे परस्परविरोधी लेख एकाच ग्रंथात छापले. वाद लपवू नये, तोच शिकवावा, ही ग्राफ यांची भूमिका. सेमिनरीत घडलेल्या आम्हांला ही रीत परकी वाटत नाही. संत थॉमस अक्विनासही ‘सुम्मा’मध्ये आधी आक्षेप मांडतात, मग उत्तर देतात.

आमच्या मते या कादंबरीचे मर्म एकतिसाव्या प्रकरणात आहे. जिमला पळून जाण्यास साहाय्य करणे पाप, असे हकच्या मनावर बिंबलेले. तरीही जिमच्या मालकिणीला लिहिलेले पत्र तो फाडतो आणि नरकात जायची तयारी ठेवतो. त्याची सदसद्विवेकबुद्धीच गुलामगिरीने घडविली होती. हृदय मात्र शाबूत होते.

धर्मशिक्षण देणारे आम्ही येथे थबकतो. मुलांच्या मनात आपण प्रभूचा शब्द पेरतो, की आपल्याच समाजाचे पूर्वग्रह?