दोन पूर्णांचा मुलूख

दिवाळीच्या पहाटे बंब पेटतो, उटण्याचा वास घरभर दरवळतो आणि घरातली वडीलधारी माणसे पहिल्या तांब्याबरोबर गंगा, यमुना, गोदावरी अशी नद्यांची नावे घेतात. पाणी विहिरीचे असो की नळाचे, ते कुठल्या तरी नदीचे देणे आहे, याची ही वर्षानुवर्षे चालत आलेली कबुलीच आहे. मला मात्र या नामावळीत आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या नद्या राहून जातात याची नेहमी रुखरुख वाटते. म्हणून, वाचकहो, फराळाचे ताट बाजूला न सारता, सावकाश चकली मोडीत मोडीत, आपण माझ्याबरोबर या नद्यांच्या काठाने थोडे हिंडावे अशी विनंती आहे. वाटेत इतिहास भेटेल. तो राजेरजवाड्यांचा आहे, तितकाच माती, रान, पाणी आणि माणसाची प्रकृती यांचाही आहे.

आमच्या जिल्ह्यात पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत. उत्तरेची पूर्णा सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामधल्या काळ्या खोऱ्यातून वाहत जाऊन तापीला मिळते. दक्षिणेची, जिला आम्ही खडकपूर्णा म्हणतो, ती गोदावरीची वाट धरते. मेहकरवरून जाणारी पैनगंगाही शेवटी गोदावरीच्याच परिवारातली. म्हणजे बुलढाण्याच्या डोंगरमाथ्यावर पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांपैकी एक अरबी समुद्राला जातो आणि दुसरा बंगालच्या उपसागराला! ऐकायला हे मोठे गमतीचे वाटते. परंतु याचा अर्थ असा की माथ्यावरच्या माणसाला वरून कोणी पाणी आणून देत नाही. पडेल ते अडवावे, जिरवावे आणि जपून वापरावे, एवढेच त्याच्या हाती. या मुलखाचा सारा इतिहास मला या एका गोष्टीभोवती फिरताना दिसतो.

प्रथम लोणारला जाऊ. उल्का आदळून काळ्या पाषाणात पडलेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर आज जगप्रसिद्ध आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली आणि २०२० साली या सरोवराला रामसर यादीत स्थान मिळाले. परंतु आमच्या लोकांना ते त्याआधी कितीतरी शतके ठाऊक होते. विष्णूने लवणासुराला मारले ही कथा आणि गावातले दैत्यसूदनाचे देखणे मंदिर हीच त्याची साक्ष. ऐन-इ-अकबरीतही इथल्या क्षारांचा उल्लेख आहे.

मला स्वतःला लोणारात सर्वांत बोलकी वाटते ती तिथली धार. विवराच्या काठावर गोमुखातून गोड पाण्याचा झरा पडतो. त्याच विवराच्या तळाशी जे पाणी साचले आहे ते मात्र इतके खारे की तोंडात घेववत नाही. आभाळातून आलेले पाणी दोघांचे एकच. खडकातून झिरपत, वाहत राहिले ते गोड झाले. ज्याला बाहेर जायला वाट नव्हती ते उन्हाने आटत गेले आणि क्षार मागे ठेवीत गेले. जमीन पाण्याला जसे वागवील तसे पाणी माणसाला वागवील, हा धडा निसर्गाने आमच्या जिल्ह्यात जणू फळ्यावर लिहून ठेवला आहे.

हा धडा जुन्या जाणत्यांनी वाचला होता. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. १५९८ साली त्यांचा जन्म इथला. पर्यटक जाधवांचा वाडा पाहतात, लखुजीरावांच्या समाधीपुढे हात जोडतात आणि परततात. मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो, की थोडे पुढे चला आणि मोती तलाव व चांदणी तलाव पाहा. ज्या मुलखात बारमाही नदी गावाच्या उशाशी नाही, तिथे राजाचे वैभव हत्ती-घोड्यांवरून मोजू नये, बांधलेल्या तलावांवरून मोजावे. तलाव भरला म्हणजे त्याच्या खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर फुटतो. त्या विहिरींवर घराघरांतल्या चुली आणि पाळणे चालतात. तलवारीचा इतिहास आपण पाठ करतो, आणि हा बांधाचा इतिहास मात्र गवतात झाकून जातो.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले आणि पुढच्या दहा वर्षांत चित्र पालटले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळले. आगगाडी मलकापूर, शेगाव करीत पुढे सरकली आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचली. सरकारने मध्यप्रांत आणि वऱ्हाड यांसाठी कापसाचा खास आयुक्त नेमला. रिव्हेट-कार्नाक त्याचे नाव. १८७० साली जलंब ते खामगाव हा लोहमार्गाचा फाटा सुरू झाला, तेव्हा त्याच्या समारंभाला खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले होते. खामगावची कापसाची पेठ दूरदूरपर्यंत गाजली.

गाजली खरी, परंतु तिची किंमत कोणी दिली? गायरानाची आणि रानाची जमीन नांगराखाली गेली. ज्वारीच्या पेवांची जागा कापसाच्या गाठींनी घेतली. लाकूडफाटा आगगाडीच्या आणि कारखान्यांच्या कामी जाऊ लागला. शेतकऱ्याच्या हाती रोकड आली, पण घरातला साठा गेला. मग १८९६-९७ आणि पाठोपाठ १८९९-१९०० असे दोन दुष्काळ आले. पाऊस तर पूर्वीही हुलकावणी देत असे. या वेळी मात्र पेवात धान्य नव्हते, जनावरांना गायरान नव्हते आणि बाजारातले धान्य मजुराच्या ऐपतीबाहेर गेले होते. उपाशी माणसांनी डबक्यांतले पाणी प्यायले. पटकी आणि अतिसार यांनी उरलेले काम केले. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, ती १९०१ साली साडेसत्तावीस लाखांवर आली. वाढायची ती लोकसंख्या घटली! भोवतालचा निसर्ग हे संकटकाळचे कोठार असते. ते आधीच रिते केले की अवर्षणाचा दुष्काळ होतो आणि दुष्काळाची साथ होते.

ही जुनी गोष्ट झाली म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकाल, तर मी आपल्याला उत्तरेच्या पूर्णेच्या काठी नेईन. इथे अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. जमीन काळीभोर, सपाट आणि खोल. परंतु तिचा निचरा मंद आणि पोटातले पाणी खारे. लोणारच्या तळ्याचाच न्याय इथे भूमीखाली चालतो. पावसाचे गोडे पाणी हलके असते, ते खाऱ्यावर पातळ थरासारखे तरंगते. उथळ विहिरीतून ते जपून काढले तर मिळते. खोल छिद्रे पाडून उपसा केला की खालचे खारे वर येते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला सारे भूगर्भशास्त्र दोन वाक्यांत सांगितले होते : "भाऊ, या पान्यात वरन शिजत नाही, अन् साबनाले फेस येत नाही. मंग हे पोटात गेल्यावर काय करत असन, तुम्हीच सांगा."

त्याच्या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही आणि सुखाचेही नाही. संग्रामपूर आणि जळगाव-जामोद तालुक्यांतील मूत्रपिंडाच्या रुग्णांची दुःखे वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून येत राहिली आहेत आणि गावकरी बोट दाखवतात ते याच क्षारयुक्त पाण्याकडे. ज्या घरातला कर्ता पुरुष असा अंथरुणाला खिळतो, त्या घरची दिवाळी कशी असेल, हे मी वर्णन करून सांगण्याची गरज नाही.

यावर उपाय निघाला तो कुठून, हे पाहण्यासारखे आहे. या दोन तालुक्यांसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखली गेली आणि तिचे पाणी वान नदीवरच्या धरणातून घेण्याचे ठरले. ही वान उतरते मेळघाटच्या रानातून. १९७३-७४ मध्ये देशातले जे पहिले व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होते. त्या वेळी पुष्कळ शहाण्यांनी विचारले होते, की माणसाला पुरत नाही तिथे वाघाला रान कशाला? आज त्याचे उत्तर नळाच्या तोटीतून पडते. वाघासाठी राखलेल्या रानाने पाऊस मुरवला, माती धरून ठेवली, आणि खाली खारपाणपट्ट्यातल्या बाळाच्या ओठाला गोडे पाणी लागण्याची सोय झाली. रान कापले असते तर धरण गाळाने भरले असते.

अलीकडची एक घटना तर साऱ्या देशाने वाचली. २०२४ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या जानेवारीत शेगाव परिसरातल्या गावांत माणसांचे केस अचानक, पुंजक्यापुंजक्यांनी गळू लागले. अवघ्या काही दिवसांत टक्कल! १८ गावांतल्या २७९ जणांना ही बाधा झाली. पोरीबाळी शाळेत जाईनात. ठरलेल्या सोयरिकी अडल्या. आधी संशय पाण्यावर गेला. पुढे विंचूदंशावरील संशोधनासाठी नावाजलेले डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी शोध घेऊन बोट ठेवले ते शिधावाटपाच्या गव्हातल्या सेलेनियम या द्रव्यावर. हे द्रव्य कणभर हवेच. फार झाले की केस आणि नखे जातात. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याच्या काही जमिनींत ते मुबलक असते आणि हा गहू तिकडून आला, असे त्यांचे अनुमान आहे. पाहा, शेकडो कोसांवरच्या डोंगराची माती बुलढाण्याच्या पोळीत उतरली! ज्वारीची भाकरी खाणाऱ्या आजीला आपली माती ठाऊक होती. आज आपण कुणाची माती खातो हे आपल्याला ठाऊक नसते, म्हणून दूरदेशीची माती सांभाळणे हीसुद्धा आपल्याच घरची काळजी ठरते.

एवढे सारे सांगून मी आपला सण कडू करू इच्छीत नाही, कारण गोष्टीला दुसरी बाजूही आहे. २०१८ साली जिल्ह्यात तलावांतला गाळ काढण्याची मोठी मोहीम झाली. भारतीय जैन संघटनेने यंत्रे पुरवली, शेतकऱ्यांनी तो गाळ आपल्या शेतांत वाहून नेला. महामार्गाच्या भरावासाठी डोंगर फोडण्याऐवजी तलाव-नाल्यांतली माती उचलायची, म्हणजे रस्ताही होतो आणि पाण्याला जागाही होते, ही युक्ती तर 'बुलढाणा पॅटर्न' या नावानेच देशभर ओळखली जाऊ लागली. मला यात नवल वाटले नाही. मोती तलाव बांधणाऱ्यांची लेकरे शेवटी तलावाकडेच वळली, एवढाच त्याचा अर्थ.

आणि एक पाहुणाही येऊन गेला. २०१९ साली यवतमाळकडच्या टिपेश्वरातून एक तरुण वाघ निघाला. शेते, रस्ते, नद्या ओलांडीत सुमारे ३,००० किलोमीटर चालून तो आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला. त्याला सोबतीण मात्र इथे मिळाली नाही. एवढ्या मोठ्या मुलखात वाघाला टेकायला असे थोडेच रान उरावे, ही आपल्याही दृष्टीने शुभ बातमी नव्हे. कारण जिथे वाघाला सावली मिळत नाही, तिथे झऱ्यालाही मिळत नाही.

निसर्ग राखणे ही हौस आहे, पोट भरल्यावर करायची गोष्ट आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी आमच्या जिल्ह्याचा हा इतिहास सांगतो. इथे तलाव राखला तेव्हा गाव जगले, गायरान मोडले तेव्हा गाव उपासमारीत सापडले, आणि दूरच्या डोंगरातले रान राखले म्हणून खारपाणपट्ट्याला गोडे पाणी देता आले. आपल्या शरीरातले रक्त, हाडे आणि केस ही सारी आपण प्यालेल्या पाण्याची आणि खाल्लेल्या मातीची रूपे आहेत. तेव्हा उद्या पहाटे पहिला तांब्या अंगावर घेताना गंगा-यमुनांबरोबर आपापल्या गावच्या नदीचे, ओढ्याचे, निदान विहिरीचे नावही घ्या. आम्ही दोन्ही पूर्णांचे घेऊ. दीपावली आपणा सर्वांना आरोग्याची जावो!